दुर्बिणीआधी बैठक

मी व्यवसायाने गवंडी. ओळंबा आणि पाणसळ यांवर आमचा संसार चालतो. थोरल्या मुलीने दोन वर्षे शिकवण्या घेऊन पैसे साठवले आणि त्यात दुर्बीण न घेता नुसते जुने माउंट आणले. माउंट म्हणजे दुर्बीण किंवा कॅमेरा बसवायची फिरती बैठक. तिची आई रागावली. "काच नाही, दुर्बीण नाही, नुसतं लोखंड कशाला आणलंस गं?"

"आई, पृथ्वी फिरते. कॅमेरा तसाच ठेवला तर फोटोत ताऱ्यांच्या रेघा येतात."

मला तिचे पटले. पाया चुकला तर भिंतीला कितीही रंग द्या, उपयोग नाही.

पृथ्वी स्वतःभोवती 23 तास 56 मिनिटांत एक फेरी करते. म्हणून आकाश चार मिनिटांत एक अंश सरकते. बैठकीचा अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर ठेवला, की एक लहानशी मोटार ही चाल भरून काढते. सगळी कसोटी आहे ती हा अक्ष जुळवण्याची.

पुण्याच्या उजेडात तारे बुजतात. म्हणून फेब्रुवारीच्या अमावास्येला आम्ही तिच्या मामाच्या गावी, राजगडाच्या पायथ्याच्या पालीला गेलो. खळ्यात तिपाई मांडली. पाय मातीत रुतू नयेत म्हणून खाली फरशीचे तुकडे दिले आणि माझ्या पाणसळीने ती समपातळीत आणली. लोखंडाजवळ होकायंत्राची सुई भुलते, म्हणून चार पावले लांब उभे राहून उत्तर दिशा घेतली.

मग अक्षाची उंची. ती त्या गावाच्या अक्षांशाइतकी ठेवायची. पालीला सुमारे सव्वाअठरा अंश. हात लांब करून धरलेली मूठ साधारण दहा अंशांची असते. म्हणजे आपल्याकडे ध्रुवतारा क्षितिजापासून दोन मुठीही वर नसतो. इतक्या कमी कोनात वजनाची दांडी तिपाईला अडू शकते, म्हणून ती आधीच फिरवून पाहावी.

ध्रुवतारा नेमका ध्रुवावर नाही; अर्ध्या अंशाहून थोडा अधिक बाजूला आहे. म्हणून शेवटची पारख मृग नक्षत्राने केली. त्याच्या पोटातल्या बाणाचा पहिला उगवणारा तारा जवळजवळ विषुववृत्तावरच आहे. तो दक्षिणेला सर्वांत उंच आला, की मोटार चालू ठेवून कॅमेऱ्याच्या पडद्यावर मोठा करून पाहायचा. तो दक्षिणेकडे सरकू लागला तर अक्ष पूर्वेला गेला आहे, उत्तरेकडे सरकला तर पश्चिमेला. त्याप्रमाणे स्क्रू थोडा थोडा फिरवायचा. यात तास गेला. मुलगी एकदाही कंटाळली नाही.

हेच तत्त्व मोठ्या कामातही दिसते. डॉ. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1970 साली उटीला 530 मीटर लांबीची रेडिओ दुर्बीण उभारली. तिथला अक्षांश 11 अंश, म्हणून त्यांनी तेवढ्याच उताराचा डोंगर शोधला आणि डोंगरालाच बैठक केले. पुढे आपल्या पुणे जिल्ह्यात, खोडदला, त्यांच्याच पुढाकाराने महाकाय दुर्बीण उभी राहिली.

एका मिनिटाच्या फोटोत मृगातला तेजोमेघ उमटला. तिथे आजही नवे तारे जन्मतात आणि तिथला प्रकाश सुमारे 1,300 वर्षे प्रवास करून आपल्यापर्यंत येतो. आई पडद्याकडे बराच वेळ पाहत राहिली. मग तिने विचारले, "दुर्बिणीला अजून किती लागतील?"

तेवढे पैसे आज नाहीत. पण ज्यांच्या नात्यात असे अंधारे गाव आहे, त्यांनी मुलांना एक अमावास्या तिथे न्यावे. ध्रुवतारा शोधायला आणि मुठीने त्याची उंची मोजायला पैसा लागत नाही.