खाडीची ओढ

स्मरणिकेसाठी काही लिहावे, असे पत्र शाळेकडून आले तेव्हा प्रथम वाटले की आपल्या गुरुजनांविषयी लिहावे. परंतु त्यांच्याविषयी लिहिणारे माझ्याहून समर्थ माजी विद्यार्थी या अंकात असतीलच. मी लिहिणार आहे ते गेल्या डिसेंबरातील चार दिवसांच्या एका प्रवासाविषयी; कारण वसतिगृहात मी केलेली एक गोष्ट त्या प्रवासात पुन्हा माझ्यासमोर उभी राहिली.

माझा सोबती म्हणजे वसतिगृहातला माझा शेजारी. दापोली तालुक्यातील एका खाडीकाठच्या वाडीतून तो आला होता. पाचवीपासून दहावीपर्यंत आमच्या वळकट्या शेजारी होत्या आणि पत्र्याच्या पेट्याही. 1989 च्या दिवाळीनंतर सुटीवरून परतताना त्याने पेटीत सुकटीची पुडी आणली. रात्री वास येऊ लागला. सकाळी मी गृहपालांना जाऊन सांगितले. बाहेरचे खाद्यपदार्थ आणू नयेत असा नियम होता. मला वाटले, मी नियम पाळतो आहे. गृहपाल रागावले नाहीत. त्यांनी ती पुडी स्वयंपाकघरामागे पुरायला लावली आणि विषय संपवला. मुलांनी मात्र तो संपवला नाही. दहावीपर्यंत त्याचे नाव 'सुकट' असेच पडले. कोणी सांगितले, हे त्याने कधी विचारले नाही आणि मीही बोललो नाही.

आज तो एका बंदरात फायबरच्या होड्यांची दुरुस्ती करतो. त्याच्याकडे दोन कयाक आहेत. कयाक म्हणजे एका माणसाची अरुंद, हलकी होडी. त्याच्या कयाकचा सांगाडा चोहोबाजूंनी बंद असतो आणि माणूस वरच्या खोलगट जागी बसतो. आत आलेले पाणी तळातील छिद्रांतून आपोआप निघून जाते. दोन्ही टोकांना पाते असलेले वल्हे, अंगात जीवरक्षक जाकीट आणि पाठीमागे गळाची काठी, एवढाच सरंजाम. दोन्ही कयाक गाडीच्या टपावर बांधून आम्ही अलिबागहून सागरी मार्गाने दक्षिणेकडे निघालो.

रेवदंड्याला कुंडलिकेच्या मुखाशी पहिल्या दिवशी मी केवळ वल्हवायला शिकलो. गळ टाकण्यास मन धजेना. पहिल्या शीलाचे संस्कार ज्या शाळेत झाले, तिथला विद्यार्थी मी. माझी अडचण त्याला सांगितली. तो म्हणाला, "याच पाण्यातल्या मासळीवर आईने आम्हा चौघा भावंडांना वाढवले. मी खाण्यापुरते घेतो. तुला खायचे नसेल, तर गळ टाकूच नकोस. मौजेखातर पकडून सोडून दिले, तरी गळ टोचायचा राहतो का?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. हाती आलेला लहान मासा मात्र तो ओल्या हातानेच धरी आणि लगेच पाण्यात सोडी. महाराष्ट्र शासनाने 2023 मध्ये 54 जातींच्या मासळीसाठी पकडण्याची किमान लांबी ठरवून दिली आहे. त्याने तो हिशेब आधीपासूनच पाळला होता, कारण अंडी घालण्याआधीच मासा संपला तर पुढच्या वर्षी खाडी रिकामी राहते, हे त्याला वडिलांनी शिकवले होते.

दुसऱ्या दिवशी मुरूडहून वाट थोडी वाकडी करून आम्ही मांदाडजवळची कुडा लेणी पाहिली. राजपुरी खाडीच्या आतल्या टोकाशी, डोंगराच्या कुशीत हा 26 लेण्यांचा समूह आहे. वर उभे राहिले की खाली खाडीचे पाणी दिसते. तेथील ब्राह्मी लेखांत दान देणाऱ्यांची नावे आहेत: कोणी वैद्य, कोणी लोखंडाचा व्यापारी, कोणी माळी. मी ते सांगत असता माझा मित्र खाडीकडे पाहत म्हणाला, "ही माणसे होडीनेच आली असतील. होडी वल्हवणाऱ्याचे नाव कुठे आहे?"

मग आगरदांड्याहून फेरीबोटीने दिघी, पुढे दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर. बागमांडल्याहून पुन्हा फेरीबोट, सावित्री ओलांडून वेश्वी. आतल्या बाजूला, महाडकडे सावित्रीत मगरी आहेत, म्हणून तेथे आम्ही कयाक पाण्यात घातली नाही. तिसऱ्या दिवशी केळशीवरून आंजर्ल्यास मुक्काम केला.

चौथा दिवस वद्य पंचमीचा होता. कोकणात भरतीचा हिशेब तिथीवरून करतात: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. पाचाची पाऊणपट पावणेचार. पहाटे पावणेचारला भरती, म्हणजे दहाच्या सुमारास ओहोटी पूर्ण. या सहा तासांपैकी मधल्या दोन तासांत निम्मे पाणी वाहून जाते. म्हणून सातच्या आसपास ओढ सर्वांत जास्त. त्याच वेळी लहान मासळी खाडीतून बाहेर लोटली जाते आणि मोठा मासा मुखाशी टपून बसतो. हे सारे मित्राने आदल्या रात्री समजावले होते. ज्या वेळेला मासा मिळतो, तीच वेळ माणसाला धोक्याची, हेही सांगितले होते.

त्या दिवशी रात्री त्याच्या घरी जेवायचे होते. ताटासाठी एक मासा आपणही आणावा, असे ठरवून मी प्रथमच गळ टाकला. मित्राने एक तांबोशी घेतली आणि थांबला. थोड्याच वेळात माझी काठी वाकली. मी त्यात इतका गुंतलो की काठ मागे पडत असल्याचे कळलेच नाही. मान वर केली तेव्हा मुखावरच्या वाळूच्या दांड्यावर फुटणाऱ्या लाटा समोर होत्या. मी कयाक वळवली आणि जिवाच्या आकांताने उलट वल्हवू लागलो. काठावरची सुरूची झाडे जागची हलेनात. दंड भरून आले. तेवढ्यात मागून हाक आली, "तंगूस तोड! समोर नको, आडवा जा, काठाकडे!" मी तंगूस तोडला. गळ घेऊन तो मासा गेला. त्याचे पुढे काय झाले असेल, हे अजून मनात येते. ओढीशी न झगडता तिरके वल्हवत आम्ही काठाजवळच्या मंद पाण्यात आलो आणि एका वाळूच्या पट्ट्यावर कयाक ओढून बसलो.

ओहोटी संपेपर्यंत तेथेच थांबणे भाग होते. हातपाय थरथरत होते. का कोण जाणे, मी म्हणालो, "सुकटीचे गृहपालांना मी सांगितले होते."

"माहीत आहे," तो म्हणाला. "माझ्या शेजारी तूच झोपायचास. इतरांपर्यंत वास पोचायला वेळ लागला असता."

"मग बोलला का नाहीस?"

तो पाण्याकडे पाहत राहिला. "दहावीपर्यंत शेजारीच झोपायचे होते ना."

दहाला पाणी स्थिरावले. आम्ही सावकाश परतलो.

रात्री त्याच्या आईने ती तांबोशी रांधली. मी ती खाल्ली, हेही येथे नोंदवतो. वाढता वाढता माउली म्हणाली, "तवा सुकाट पाठवलं होतं, त्यातलं अर्धं तुज्यासाठी होतं हां. ह्याला म्हटलं होतं, शेजारच्या पोराला दे. बरं लागलं होतं काय रे?"

मित्र ताटातून वर न पाहता म्हणाला, "लागलं गो आये."

या वेळी मी गप्प बसलो नाही. जे घडले ते सारे त्या माउलीला सांगितले. ती वाढायची थांबली. मग उठून आत गेली, डबा उघडल्याचा आवाज आला आणि वर्तमानपत्रात बांधलेली पुडी तिने माझ्यापुढे ठेवली. "मग आता खा," एवढेच म्हणाली.

परतीच्या वाटेवर गाडीभर तो वास होता. मी काच खाली केली नाही.

आज वसतिगृहात राहणाऱ्या मुलामुलींनो, शेजारच्या पेटीतून कुणाच्या घरचा वास आला, तर गृहपालांकडे जाण्याआधी शेजाऱ्याला विचारा. कदाचित त्यातले अर्धे तुमच्यासाठीच पाठवलेले असेल.