ब्रार स्क्वेअरची दफनभूमी

दिल्लीला जाणारा मराठी प्रवासी कुतुबमिनार पाहतो, इंडिया गेट पाहतो; छावणीतल्या ब्रार स्क्वेअरकडे मात्र क्वचितच वळतो. तेथे दिल्लीची युद्ध दफनभूमी आहे. पुण्याजवळच्या खडकीची दफनभूमी पाहिलेल्याला इथली हिरवळ आणि दगडांच्या सरळ रांगा ओळखीच्या वाटतील. ही दफनभूमी १९५१ सालची. अलाहाबाद, कानपूर, डेहराडून, लखनौ येथील थडग्यांची कायमची निगा राखली जाण्याची खात्री नव्हती, म्हणून ती इथे हलवली गेली.

हिंदू आणि शीख शिपायांना अग्नी दिला जाई. मग त्यांच्या नावाचा दगड कुठे उभा राहणार? कित्येकांचे तर देहही सापडले नाहीत. याच आवारात दुसऱ्या महायुद्धात पडलेल्या, अविभाजित हिंदुस्थानच्या २५,००० हून अधिक सैनिकांचे स्मारक आहे. असेच स्मारक कराचीतही उभारावे लागले. फाळणीत पलटणी वाटल्या गेल्या, पण या मृतांची वाटणी कशी करणार?

मराठी घरांचाही या युद्धाशी जवळचा संबंध आहे. रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्याचे नाईक यशवंत घाडगे, पाचवी मराठा लाइट इन्फंट्री. १० जुलै १९४४ रोजी इटलीत त्यांच्या तुकडीतले सारे जवान मशीनगनच्या माऱ्यात पडले, तेव्हा ते एकटेच त्या ठाण्यावर धावून गेले. काडतुसे बदलायला वेळ नव्हता. उरलेल्या दोन शत्रूंना त्यांनी बंदुकीच्या दस्त्याने लोळवले आणि लगेच ते स्वतः गोळ्यांना बळी पडले. वय अवघे २२. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, थडगे मात्र नाही. त्यांचे नाव इटलीतल्या कॅसिनोच्या स्मारकावर आहे आणि पुतळा माणगावात.