गैरहजेरी कोणाची?

शाळा तपासायला येणारा माणूस कितीही निःपक्ष असला, तरी त्याच्या हातातलं प्रपत्र निःपक्ष नसतं. कुठले रकाने ठेवायचे हे ठरलं, तेव्हाच काय मोलाचं आणि काय बिनमोलाचं हेही ठरून गेलेलं असतं. पुण्या-मुंबईत हे जाणवत नाही, कारण रकाने आखणारे आणि त्यांत बसणारे साधारण एकाच बिरादरीतले. डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर मात्र रकान्याची आणि मुलाची गाठ पडता पडत नाही.

हजेरीचंच घ्या. भाताची झोडणी उरकली, दिवाळी झाली, की कितीतरी घरांना कुलूप लागतं. कोणी भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर, कोणी गुजरातच्या बोटींवर. मुलं आईबापांबरोबर जातात, होळीला चार दिवस येतात, पुन्हा जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. हजेरीपत्रकात त्यांच्या नावापुढे ‘गै’ची रांग लागते. वर्षअखेरीस शेरा काय, तर ‘अनियमित’. म्हणजे दोष मुलाचा. भट्टी, आगाऊ घेतलेली उचल, पावसावरची एकच पेर यांपैकी काहीच शेऱ्यात येत नाही.

याच भागात ऐंशी वर्षांपूर्वी हा हिशेब उलटा मांडला गेला होता. १९४५ साली ताराबाई मोडक यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर रुजलं. पाड्यावरची मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा ताराबाईंनी मुलांना नाही, बालवाडीलाच नापास केलं. शाळा उचलून पाड्यावर नेली. कुणाच्या तरी अंगणात ती भरू लागली, म्हणून अंगणवाडी. गुरं राखणारी पोरं तिथेही येईनात, तर कुरणशाळा निघाली: गुरं चरताहेत आणि झाडाखाली धडा चाललाय. माँटेसोरीची महागडी साधनं परवडणारी नव्हती; शंख-शिंपले, खडे, बिया, पानं यांच्यावर मोजणी आणि वर्गवारी शिकवली गेली. १९७५ मध्ये सरकारने एकात्मिक बालविकास योजना आणली आणि अंगणवाडी हे नाव देशभर पोचलं. नाव पोचलं; ‘मूल आलं नाही तर चूक आपली’ हा मूळ बाणा किती पोचला, याची मला शंका आहे.

ताराबाईंच्या शाळेतही मूल्यं बाहेरचीच होती, हे कबूल करायला हवं. सकाळी आधी तोंड धुणं, अंघोळ, केस विंचरणं, मग गाणी-गोष्टी. मध्यमवर्गीय घरातली स्वच्छता वारली आदिवासींच्या अंगणात आली होती. पण ती लपून आली नव्हती. आम्हांला हे चांगलं वाटतं म्हणून करतो, असं उघड होतं. आणि रोज पाड्यावर जाणाऱ्याला पाड्याचं म्हणणं ऐकावंच लागतं. आजचं प्रपत्र कुणाच्या अंगणात बसत नाही.

त्याच १९४५ च्या मे महिन्यात, आजच्या तलासरी तालुक्यातल्या झरीला वारल्यांची सभा भरली होती. यापुढे वेठ करायची नाही, असं तिथे ठरलं. किसान सभेच्या गोदावरी आणि शामराव परुळेकर यांनी चालवलेल्या त्या लढ्याला कुणी शैक्षणिक कार्यक्रम म्हणणार नाही. मी म्हणतो. वेठबिगार आणि लग्नगडी (लग्नाच्या कर्जापोटी राबणं) या प्रथा मोडून काढण्याचं धैर्य प्रौढ माणसं शिकली, ती कुठल्या इयत्तेत? त्याची परीक्षा जमीनदाराच्या दारात झाली आणि निकाल लोकांनी स्वतः लावला.

म्हणून मुलांची चाचणीच नको, असं म्हणणाऱ्यांत मी नाही. वाचता न येणारं पोर वर्गामागून वर्ग चढत राहिलं, तर फसतं तेच. अंगठ्याच्या एका ठशाने इथे जमिनी गेल्या आहेत. तेव्हा वाचन हवंच. पण मिनिटाला किती शब्द, एवढ्यावर थांबणारी मोजणी मला अपुरी वाटते. आठवीतल्या मुलीला घरचा सातबारा वाचता येतो का? वनहक्काच्या दाव्यावर बापाचं नाव बरोबर लिहिलंय का, हे तिला तपासता येतं का? आणि भट्टीवरचा हिशेब: उचल इतकी, आठवड्याची खर्ची इतकी, हजार विटांचा दर इतका, विटा पाडल्या इतक्या, तर हंगामाअखेर हातात काय यायला हवं? यात बेरीज, गुणाकार, वजाबाकी सगळं आलं, शिवाय मुकादमासमोर तोंड उघडण्याची हिंमतही आली. हिंमतीला गुण कसे द्यायचे, हे मला सांगता येणार नाही. पण गुण देता येत नाहीत म्हणून ती शिकवूच नये, हे काही पटत नाही.

इकडच्या पुष्कळ शाळांच्या बाहेरच्या भिंतीवर वारली चित्रं काढलेली असतात. तारपा वाजवणारा, भोवती फेर धरलेली माणसं. शाळेला त्याने शोभा येते. त्याच भिंतीच्या आत पोरगं वारलीत उत्तर देतं, तेव्हा बरोबर उत्तरही ‘अशुद्ध’ ठरायला वेळ लागत नाही. चित्र चालतं, बोली चालत नाही. हेही मूल्यमापनच, फक्त कागदावर न लिहिलेलं.

स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी महाराष्ट्रात शिक्षण हमी पत्रक आहे. ते दाखवलं की जिथे जातील तिथल्या शाळेत त्यांना बसता यावं, अशी सोय. सोय चांगली आहे. तेव्हा पुढचं प्रपत्र आखणाऱ्यांना एवढीच विनंती: त्यात एक रकाना वाढवा. पत्रक दिलेल्या मुलांपैकी किती भट्टीजवळच्या शाळेत खरोखर बसली, हे त्यात भरू द्या. आणि तो रकाना मुलाच्या नावापुढे नको, खात्याच्या नावापुढे ठेवा.