शाया की शाळा?

परवा जुन्या सीड्या आवरताना नानांची फाईल सापडली. नाना म्हणजे माझे वडील. रनाळ्यातल्या लहानपणीच्या आठवणी त्यांनी २००३ साली नंदुरबारला एका डीटीपीवाल्याकडून टाईप करून घेतल्या होत्या. मूळ वही घर बदलताना हरवली. आता नानाही नाहीत. फाईल उघडली आणि पोटात धस्स झालं. पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरं, कंस आणि उद्गारचिन्हं!

कारण तसं साधं आहे. तेव्हाचे बरेचसे मराठी फॉन्ट म्हणजे सोंग असायचं. संगणकाच्या लेखी मजकूर इंग्रजीच, वर चित्र तेवढं देवनागरीचं. फॉन्ट गेला की मराठीही गेली.

खरं तर 'इस्की' हे भारतीय प्रमाण १९९१ सालीच आलं होतं. त्यात आपल्या बहुतेक लिप्यांना मिळून एकच तक्ता. युनिकोडने इस्कीच्या आधीच्या, १९८८ च्या आराखड्यावरून तोच क्रम उचलला. म्हणून देवनागरी ळ चा क्रमांक २३५५, तर आमच्या शेजारच्या गुजरातीतल्या ळ चा २७३९. अंतर ३८४. र, न, काना, मात्रा... 'रनाळे' लिहायला लागणाऱ्या प्रत्येक चिन्हात नेमकं तेवढंच अंतर! मला याची फार गंमत वाटते.

असो. तर एक फॉन्ट बदलून देणारा प्रोग्राम मिळाला आणि नाना हळूहळू वाचता येऊ लागले. पण जागोजागी चुका. 'शाळा'चं 'शाया', 'डोळा'चं 'डोया'. प्रोग्रामने ळ चा य केला म्हणायचा! मी एकेक दुरुस्त करत सुटलो. पानभर झालं असेल, तेवढ्यात 'रनाळे' आलं. त्यातला ळ शाबूत होता.

हात थांबला. प्रोग्राम चुकला असता तर इथेही चुकायला हवा होता ना? मग एकदम नानांचा आवाजच ऐकू आला. घरी ते अहिराणीच बोलायचे, आणि अहिराणीत शाळा नसते, शायाच असते. वहीत त्यांनी तसंच लिहिलं होतं आणि टाईप करणाऱ्यानेही ते इमानाने तसंच ठेवलं होतं.

संगणकाने नानांचं एक अक्षरही बदललं नव्हतं. बदलत होतो तो मी, त्यांचा शिकलेला मुलगा.

केलेल्या सगळ्या दुरुस्त्या परत फिरवल्या. आता फाईल युनिकोडमध्ये आहे, आणि नाना शायामा जात आहेत.