उपासाला बसलेला शब्द

ईस्टरआधीच्या उपासकाळाच्या पहिल्या दिवशी, राखेच्या बुधवारी, कॅथलिक ख्रिस्ती माणूस कपाळावर राख घेतो, मांस वर्ज्य करतो. त्याच दिवसापासून कॅथलिक चर्चमधला एक शब्दही उपासाला बसतो. आलेलुया. एरवी शुभवर्तमान वाचण्याआधी सगळे उभे राहून तो गातात. आता त्याच्या जागी दुसरं स्तुतिवचन येतं. गंमत अशी, की माणसांच्या 40 दिवसांच्या उपासातून रविवार वगळलेले असतात, शब्दाला मात्र रविवारचीही सवलत नाही.

मूळ हिब्रू. 'हल्लेलू' म्हणजे स्तवन करा आणि 'याह' हे देवाच्या नावाचं छोटं रूप. ग्रीक लिपीत 'ह'साठी वेगळं अक्षर नव्हतं, म्हणून ग्रीक-लॅटिन वाटेनं आलेल्या कॅथलिकांचा तो आलेलुया, नि प्रोटेस्टंटांचा हालेलूया. जुन्या करारातल्या स्तोत्रांत तो पुन्हा पुन्हा भेटतो. नव्या करारात मात्र अवघा 4 वेळा, तोही प्रकटीकरणाच्या 19व्या अध्यायात. अर्थाचं एवढं पुरे, कारण गाणाऱ्याचं अर्थावाचून फारसं अडत नाही.

ग्रेगरियन गायनात या शब्दाचा शेवटचा 'आ' संपतच नाही. स्वर वर चढतो, वळसे घेतो, रेंगाळतो, जणू एखादा गवई आकारात हरवून गेलाय. संत ऑगस्टीननं अशा निःशब्द आनंदाविषयी लिहून ठेवलंय. शेतात, द्राक्षमळ्यात राबणारी माणसं आधी शब्दांनी गाऊ लागतात. मग आनंद इतका दाटतो की शब्द गळून पडतात आणि उरतो तो नुसता सूर. पुढे 9व्या शतकात सेंट गालच्या मठातल्या नोटकर नावाच्या संन्याशाला या लांबलचक सुरावटी लक्षात ठेवणं जड जाऊ लागलं, म्हणून त्यानं त्यांच्यावर शब्द बसवले. सोय झाली खरी. पण ऑगस्टीनच्या शेतकऱ्यांनी सोडलेले शब्द मठात परत आले!

अशा शब्दाला निरोप द्यायचा, तर तोही थाटातच. फ्रान्समधल्या तूल गावच्या चर्चच्या 15व्या शतकातल्या नियमांत या शब्दाच्या दफनाचा विधी नोंदवलेला आहे. तेव्हा हा विरह आजच्याहून मोठा, राखेच्या बुधवारच्या अडीच आठवडे आधीच सुरू होणारा. तो सुरू व्हायच्या शनिवारी सायंप्रार्थना आटोपली की गायकवृंदातली पोरं क्रूस, मशाली, धूप, पवित्र पाणी घेऊन निघत. प्रेताच्या जागी मातीचं एक ढेकूळ. पोरं आक्रोश करत ते चर्चच्या आवारात नेत, पाणी शिंपडत, धूप दाखवत आणि आलेलुयाची मूठमाती उरकत. त्या रडण्यात खरं किती नि सोंग किती, देव जाणे. पण स्तुतीलाही सुतक असू शकतं, हे पोरासोरांना त्यातून कळत असावं.

पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चला हे मान्य नाही. तिथे उपासकाळात आलेलुया उलट जास्तच गातात, अंत्यविधीतही गातात. दुःखात स्तुती थांबवायची कशाला, असा त्यांचा रोकडा विचार. तो खोडून काढणं मला जमणार नाही. तरीही माझा कौल पश्चिमेच्या रीतीला. दर वाक्यामागे हालेलूयाचा गजर करणाऱ्या प्रार्थनासभा ऐकल्या की वाटतं, या शब्दाला वर्षातून एकदा तरी विसावा हवाच.

हा विसावा संपतो ईस्टरच्या आदल्या रात्री. कधी जमलं तर तेव्हा वसईतल्या एखाद्या चर्चमध्ये जा. तिथली उपासना, म्हणजे मिस्सा, मराठीतही असते. सुरुवात अंधारात होते. मग अग्नी, मेणबत्ती, आणि मोठमोठी वाचनं. कंटाळून मधेच उठू नका. पौलाच्या पत्राचं वाचन झालं की तो शब्द तीनदा गायला जातो, दर वेळी आधीपेक्षा चढ्या पट्टीत. तिसऱ्या वेळेपर्यंत थांबा.