फोनशेजारची वही

वेबसाइट तपासायला कुणी बोलावलं की मी आधी वेबसाइट बघतच नाही. फोनशेजारची वही मागतो. मुक्कामाची चौकशी करणारे काय काय विचारतात, ते तिच्यात असतं. वही नसेल तर आठवडाभर लिहून ठेवायला सांगतो. तिथं जे लिहून झालंय तेच लोक पुन्हा फोन करून विचारत असतील, तर ती वेबसाइट रोज हजारजण बघोत, कामाची नाही.

जुन्नरला २०१८ मध्ये पर्यटन तालुक्याचा दर्जा मिळाला. त्याच तालुक्यात घाटघरच्या वाटेवर चार खोल्या पाहुण्यांना देणाऱ्या एका ताईंची वही मी चाळत होतो. पहिल्याच पानावर तीनदा तेच : ‘नाणेघाटात आलोय, घर कुठाय?’ मंडळी मुंबईहून मुरबाडमार्गे वैशाखऱ्याला, म्हणजे घाटाच्या पायथ्याशी येऊन थांबलेली. घर वर, पठारावर. मधे पायी चढण. गाडीनं यायचं तर माळशेज चढून, जुन्नरला वळसा घालून. वेबसाइटवर मात्र ‘नाणेघाटापासून अगदी जवळ’. बरं, ते खोटंही नव्हतं!

शेजारच्या आंबेगाव तालुक्यात तर नावच चकवतं. तालुक्याला नाव देणारं गाव दिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं, कचेरी घोडेगावात. आणि नकाशात नुसतं ‘आंबेगाव’ टाकलं तर पाहुणा कात्रजजवळच्या आंबेगाव बुद्रुकला पोचू शकतो.

ताईंची वेबसाइट मी वाटेतच, रेंजची एक दांडी असताना उघडली. पत्ता एका सुंदर चित्रात कोरलेला. चित्र उघडेचना. दर कुठेच नाही, ‘दरासाठी संपर्क करा’. नाणेघाटाच्या लेण्यात सातवाहनांनी दान दिलेल्या गाईंचे, घोड्यांचे, कार्षापणांचे आकडे दोन हजार वर्षं सगळ्यांना दिसतील असे कोरलेले आहेत, आणि आपल्याला खोलीचा दर लिहायची लाज!

वेबसाइटच्या पहिल्या पानावर वाऱ्यानं उलटा उडणाऱ्या धबधब्याचा फोटो. तो पावसाळ्यातला. एप्रिलमध्ये आलेले पाहुणे करपलेलं गवत बघून ताईंवरच रुसायचे. फोटोखाली महिना लिहा, म्हटलं. वेबसाइट करणाऱ्या पोराला ते पटेना. त्याच्या मते त्यानं मजा जाते. शेवटी महिना लिहिला, शेजारी उन्हाळ्यातला फोटोही लावला. माळशेजचा रस्ता, दर आणि मासवडी आदल्या दिवशी सांगावी लागते हे साध्या अक्षरांत आलं.

दोन महिन्यांनी वही पुन्हा मागवली. पानं बरीच कोरी. एकच प्रश्न जागचा हलला नव्हता : ‘तिकडे बिबट्या येतो का?’

“हेही टाकू या का, ताई?”

“नको दादा,” त्या म्हणाल्या. “कोण भिऊन विचारतंय आन् कोण बघायच्या हौसेनं, ते आवाजावरून कळतं. दोघांना येगळं सांगावं लागतं.”