उन्हाच्या मुलखातील बर्फ

वैशाखात पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास रेंगाळणाऱ्या आमच्या यवतमाळ जिल्ह्यात बर्फ येतो तो कारखान्यातून, गोणपाटात गुंडाळलेला आणि लाकडाच्या भुशाने माखलेला. त्याच्या येण्याचे प्रसंगही ठरलेले असतात. लग्नघरी सरबताच्या पिंपात टाकण्यासाठी त्याची लादी फोडली जाते. आठवडी बाजारात गोळेवाला ती किसतो, काडीभोवती दाबतो आणि तिच्यावर लाल-हिरवा पाक ओततो. धर्मग्रामाच्या सणाला एखाद्या हौशी कुटुंबाने आईस्क्रीमचा पॉट मागवला, तर बर्फाच्या आणि खडेमिठाच्या थरांमध्ये तो डबा फिरवण्यासाठी मुलांची झुंबड उडते. चौथा प्रसंग मृत्यूचा.

उन्हाळ्यात घरात कोणी निवर्तले आणि लेकरे दूर असली, की पहिली धाव बर्फाच्या कारखान्याकडे. आमच्या काकी गेल्या त्या मे महिन्यातील भर दुपारी. थोरला मुलगा मुंबईत. तेथून धामणगावपर्यंत रेल्वे आणि पुढे एस.टी., म्हणजे दुसऱ्या दिवसाची सकाळ. ढकलगाडीवरून लाद्या आल्या. वाटभर डांबरावर पाण्याची रेघ उमटत गेली आणि उमटताच वाळत गेली. रात्रभर एकीकडे जपमाळ चालली होती, दुसरीकडे विरघळलेल्या लाद्यांच्या जागी नव्या लाद्या ठेवणे चालले होते. पाणी उंबरठ्यावरून अंगणात वाहत होते. सकाळी मुलगा आला, आईच्या कपाळावर हात ठेवून उभा राहिला आणि म्हणाला, ''किती गार आहे.'' तेव्हापासून बर्फ म्हटला, की आमच्या मनात ती रात्र आणि ती प्रतीक्षाच उभी राहते.

अशा आमच्या घरी कॅनडात स्थायिक झालेल्या नातलगांच्या मुलीचे पत्र आले. वय वर्षे तेरा. ती बर्फावरची हॉकी खेळते. आठवड्यातून तीन दिवस, आणि तेही भर जुलै-ऑगस्टमध्ये. पत्राच्या शेवटी तिने साध्या मनाने विचारले होते, ''तुमच्याकडे कोणी खेळते का?'' घरात हशा पिकला. परंतु हसून झाल्यावर मनात दुसराच प्रश्न राहिला. जेथे उन्हाळा आहे, तेथे हा खेळ गेलाच कसा? थोडेफार वाचले, विचारले, आणि जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवावेसे वाटले.

हॉकी आम्हा कॅथलिक घरांना परकी नाही. मुंबईच्या कॅथलिक वस्त्यांनी या खेळावर जीव लावला. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये स्वतंत्र भारताला पहिले सुवर्णपदक मिळाले, त्या संघात लिओ पिंटो, वॉल्टर डिसोझा, लॉरी फर्नांडिस, मॅक्सी वाझ ही आपल्या कानांना ओळखीची वाटणारी नावे होती. बर्फावरची हॉकी ही या मैदानी हॉकीचीच नातलग. ३ मार्च १८७५ रोजी कॅनडातील माँट्रियल शहरात, व्हिक्टोरिया स्केटिंग रिंक या छपराखालच्या मैदानात, जेम्स क्रायटन यांनी जमवलेल्या दोन संघांमध्ये जो सामना झाला, तो बंदिस्त जागेतील पहिला सुसंघटित सामना मानला जातो. प्रत्येक बाजूस नऊ खेळाडू होते. चेंडू उसळून प्रेक्षकांना लागू नये म्हणून त्याच्या जागी लाकडाची चपटी चकती घेतली होती. दोन वर्षांनी तेथे खेळाचे नियम छापले गेले. ते बव्हंशी इंग्लंडच्या मैदानी हॉकीच्या नियमांवरून घेतलेले होते. माँट्रियलमध्ये बर्फ ही निसर्गाची देणगी होती. उन्हाच्या मुलखात तो आधी मिळवावा लागणार होता.

उष्ण देशांत बर्फ प्रथम आला तो माल म्हणून. अमेरिकेतील बोस्टनचे फ्रेडरिक ट्यूडर हे गोठलेल्या तळ्यांवरचा बर्फ कापून, भुशात बसवून, जहाजाने विकावयास पाठवीत. १८३३ साली त्यांचे जहाज चार महिने समुद्र कापून कलकत्त्यास पोहोचले. निघताना १८० टन असलेल्या बर्फापैकी सुमारे १०० टन शिल्लक होता. पुढच्याच वर्षी मुंबईस बर्फ आला. सर जमशेदजी जीजीभाई यांनी मेजवानीत आईस्क्रीम दिले, आणि यजमान व पाहुणे दोघांनाही सर्दी झाल्याची वार्ता 'मुंबई समाचार'ने दिली, अशी आख्यायिका आजही सांगितली जाते. पुढे मुंबईत लोकवर्गणीतून बर्फघर उभे राहिले. ज्या बंदरातून आमच्या वऱ्हाडचा कापूस पुढे विलायतेस गेला, त्याच बंदरात विलायती थंडी उतरत होती. हा बर्फ श्रीमंतांच्या मेजावर गेला आणि तापाच्या रोग्यांच्या उशाशी गेला. त्यावर कोणी खेळले मात्र नाही. चार महिने जपून आणलेल्या वस्तूवर खेळण्याचे धाडस कोण करील?

खेळासाठी बर्फ जागच्या जागी तयार व्हावा लागतो. ती किमया यंत्राने केली, आणि तिचा एक आरंभ उष्ण मुलखातच झाला. ऑस्ट्रेलियातील जिलाँग गावी जेम्स हॅरिसन नावाच्या वृत्तपत्र-संपादकाने १८५० च्या दशकात बर्फ करणारे यंत्र बांधले. १८७६ साली लंडनमध्ये जॉन गॅमजी यांनी कृत्रिम बर्फाचे पहिले स्केटिंग-मैदान उघडले. हे गृहस्थ मूळचे पशुवैद्य. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमधून मांस न नासता इंग्लंडला कसे आणता येईल, या शोधात असताना त्यांना हे साधले. अन्न टिकवण्याच्या खटपटीतून खेळाचे अंगण निघाले.

यातील रहस्य आमच्या गावच्या कारखान्यात डोकावणाऱ्या कोणासही कळेल. तेथे अमोनियाचा उग्र दर्प येतो. हा वायू दाबून, थंड करून त्याचा द्रव केला जातो. तो द्रव पुन्हा वायू होताना भोवतालची उष्णता शोषून घेतो. त्यामुळे खारे पाणी शून्याच्या खाली जाते, पण मिठामुळे स्वतः गोठत नाही. अशा खाऱ्या पाण्यात गोड्या पाण्याचे डबे बुडवून ठेवले, की लाद्या तयार होतात. बर्फाच्या मैदानात हेच खारे पाणी जमिनीखालच्या नळ्यांतून फिरवतात आणि वर पाण्याचे थर गोठवत जातात. ज्या विद्येने आमच्या काकींना रात्रभर सांभाळले, त्याच विद्येवर ती कॅनडातील मुलगी जुलैमध्ये धावते, हे उमजले तेव्हा आम्ही क्षणभर स्तब्ध झालो.

या यंत्राच्या बळावर १९०४ साली ऑस्ट्रेलियातील ॲडलेड येथे आणि १९०६ साली मेलबर्न येथे 'ग्लेशिएरियम' नावाची मैदाने उभी राहिली. त्यांमागे शीतगृहांच्या धंद्यातील हेन्री न्यूमन रीड हे होते. ॲडलेडच्या बर्फावर हॉकीसारखा खेळ झाला; पण खरी बर्फावरची हॉकी प्रत्यक्ष पाहिलेली माणसे तेथे विरळाच. पुढे १७ जुलै १९०६ रोजी मेलबर्नच्या मैदानात स्थानिक खेळाडूंचा सामना झाला तो 'बाल्टिमोर' या अमेरिकी युद्धनौकेच्या खलाशांशी. बंदरात आलेल्या परक्या खलाशांबरोबर खेळून ऑस्ट्रेलियाने आपल्या पहिल्या सामन्याची नोंद केली. १९०९ पासून तेथे राज्याराज्यांत सामने सुरू झाले. त्यांचा 'गुडॉल करंडक' जगातील या खेळाच्या सर्वांत जुन्या करंडकांपैकी एक असून तो आजही खेळला जातो. पुढची प्रगती तर थक्क करणारी आहे. उत्तर अमेरिकेचा मानाचा स्टॅन्ली करंडक २०२० ते २०२५ या सहा वर्षांत चार वेळा फ्लोरिडाच्या दमट किनाऱ्यावर गेला आणि एकदा नेवाडाच्या वाळवंटातील लास व्हेगासला.

यावर कोणी म्हणेल, ही सारी पैशाची करामत. पैसा आहेच, पण आपल्याच देशातील कथा निराळे काही सांगते. १९२० साली सिमल्यास ब्लेसिंग्टन नावाच्या साहेबाने थंडीत टेनिसच्या मैदानावर पाणी सोडून रात्रीत बर्फ जमवला. तेव्हापासून तेथे हिवाळ्यात स्केटिंग आणि हॉकी चालत आली. लडाखमध्ये थंडीचा तुटवडा नाही. तुटवडा बाकी सर्व गोष्टींचा होता. १९७० च्या दशकात तेथे सैनिक व तरुण गोठलेल्या तळ्यांवर खेळू लागले, तेव्हा लष्करी बुटांच्या तळव्यांना लोखंडी पाती जोडून स्केट्स तयार केले गेले. मैदानी हॉकीच्या काठ्या आणि क्रिकेटचे पॅड यांवर भागवले गेले.

मुलींची वाट याहून बिकट. मैदान मुलांच्या हाती. मुलींच्या वाट्यास उरलेला वेळ आणि उतरवलेले स्केट्स. तरीही त्या टिकल्या. २०१६ साली तैपेई येथे भारताचा महिला संघ प्रथमच आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरला. त्या प्रवासाच्या खर्चासाठी देशभरातील अनोळखी माणसांनी वर्गणी दिली होती. संघ हरला. २०१७ साली बँकॉकमध्ये त्याने फिलिपिन्सला ४-३ असे हरवून पहिला विजय मिळवला. आणि २०२५ च्या मे-जून महिन्यांत, संयुक्त अरब अमिरातीतील अल ऐन या वाळवंटी शहरात, जेथील ऊन आमच्या वऱ्हाडी उन्हासही मागे सारील, तेथे छपराखालच्या बर्फावर खेळून भारताच्या मुलींनी आशियाई स्पर्धेचे कांस्यपदक मिळवले.

दुसरी बाजूही सांगावयास हवी. २०११ साली डेहराडूनला मोठ्या थाटाने कृत्रिम बर्फाचे भव्य मैदान बांधले गेले. काही स्पर्धा झाल्या, आणि मग चालवण्याचा खर्च पेलेना म्हणून ते वर्षानुवर्षे बंद राहिले. २०२५ साली ते पुन्हा सुरू झाले. बर्फ एकदा करून भागत नाही. तो रोज राखावा लागतो. भिंती आणि यंत्रे असूनही राखणारे नसले, तर खाली नुसते पाणी उरते.

म्हणून कोणी यवतमाळात बर्फाचे मैदान मागावे, असे आम्ही म्हणणार नाही. साठ मीटर लांब आणि तीस मीटर रुंद मैदानावर तीन सेंटिमीटरचा थर म्हणजे सुमारे चोपन्न हजार लिटर पाणी. दहा हजार लिटरचे साडेपाच टँकर. ज्या गावांत मे महिन्यात टँकरच्या मागे हंड्यांची रांग लागते, त्या गावांत हे पाणी जमिनीवर ओता, असे म्हणण्यास जीभ धजावत नाही. रांगेतील पहिला हंडा भरणे हे खेळाच्या आधीचे कर्तव्य आहे.

तरीही त्या पत्रातील प्रश्न पाठ सोडीत नाही, कारण पत्र लिहिणारीच्याच वयाची दुसरी मुलगी आमच्या घरात आहे. सातवीपर्यंत ती भावांबरोबर धावत असे. बांबूच्या काठीने आणि फाटक्या रबरी चेंडूने मंदिराच्या मागील पटांगणात खेळत असे. मग तिने खेळणे सोडले. कोणी मनाई केली नव्हती. मुले मोठी झाली, त्यांचे क्रिकेट मोठे झाले, पटांगण त्यांनी व्यापले, आणि ती कडेला उभी राहू लागली. पुढे कडेलाही येईनाशी झाली. लडाखच्या मुलींना जे मिळत नव्हते, तेच तिलाही मिळत नाही. तो बर्फ नव्हे. ती जागा आणि ठरलेला वेळ.

दानिएलच्या ग्रंथात, आपल्या कॅथलिक बायबलमध्ये असलेल्या भागात, भट्टीत टाकलेले तीन तरुण ज्वालांच्या मध्ये उभे राहून सृष्टीला परमेश्वराची स्तुती करण्यास बोलावतात. आणि त्यात ते दहिवराला, हिमाला व बर्फालाही बोलावतात. लहानपणी हे ऐकताना भट्टीत बर्फाचे काय काम, असे वाटे. आता वाटते, आगीत उभे असलेल्यांनाच बर्फाची आठवण सर्वांत खरी. आपल्या उन्हात वाढणाऱ्या लेकरांना अशा दूरच्या गोष्टींची आस लागली, तर तिला वेड म्हणू नये.

१९५५ साली अमरावती धर्मप्रांत स्थापन झाला. त्यात येणाऱ्या आमच्या या जिल्ह्यात कॅथलिक कुटुंबे थोडी आणि विखुरलेली आहेत. पण जेथे मंदिर आहे, तेथे बहुधा थोडे पटांगणही आहे. मे महिन्याच्या सुट्टीत सकाळी सहा ते सात ऊन चढलेले नसते. तो एक तास फक्त मुलींचा, असे धर्मगुरूंनी आणि पालकांनी मिळून ठरवावे. एका घरातून काठ्या याव्यात, दुसऱ्या घरातून चेंडू. एका माउलीने पाण्याची कळशी आणावी आणि दुसरीने तासभर तेथे बसावे. गेल्या रविवारी मिस्सेनंतर आम्ही ही गोष्ट चार घरांत बोललो. दोन घरांनी होकार दिला, एका घराने विचार करून सांगतो म्हटले, आणि चौथ्या घरातील आजींनी आतून हाक मारून विचारले, ''कळशी किती मोठी लागेल?''